स्वतःच्याच अंगाचा साचा काढणारा माणूस एवढा मोठा शिल्पकार कसा?

प्रश्न विचारणारा पोरगा स्कल्प्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात अँटनी गॉर्म्ली ह्या ब्रिटिश शिल्पकाराचं काम दाखवलं म्हणे, आणि ह्याचं डोकं फिरलं. त्याच्याच शब्दात: "हा माणूस चाळीस वर्षं स्वतःच्याच अंगाचे साचे काढून बीचवर नि गच्च्यांवर उभे करतोय, ना चेहरा ना हावभाव ना पोज. आम्ही लाइफ कास्ट (जिवंत अंगावरून काढलेला साचा) करून आणलं तर सर चोरी म्हणतील, मग हा मोठा कसा?"

प्रश्न बरोबर आहे. मी स्वतः पंचवीसेक वर्षं साचे, फायबर, ब्राँझचं ओतकाम ह्यातच आहे, पोट त्याच्यावरच चालतं, आणि हा प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत होता. वयाने तू माझ्या भाच्याएवढा असशील म्हणून तू म्हणतो, राग मानू नको. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

आधी चोरीचं बघू. हा आरोप जुना आहे. १८७७ मध्ये रोदाँ ह्या फ्रेंच शिल्पकाराने ब्रुसेल्सला 'एज ऑफ ब्राँझ' हा पुतळा मांडला तेव्हा लोक म्हणाले की एवढं हुबेहूब अंग हाताने होतंय होय, ह्याने जिवंत माणसावरून साचा काढलाय. बिचाऱ्याला मॉडेलचे फोटो काढून पुरावे देत बसावं लागलं. का, तर शिल्पकाराची किंमत मॉडेलिंगमध्ये, मातीवर बोट कसं फिरतं त्याच्यात. आपल्याकडेही तेच, शिल्पकार म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी बघून आपण पाठीवरनं गेलेल्या लुगड्याच्या चुण्यांवर जीव टाकतो, कारण त्या कुणीतरी डोळ्यांनी बघून हाताने आणल्यात. आता गंमत बघ, रोदाँला जी शिवी वाटली तिथनं गॉर्म्ली सुरुवात करतो. तो उघड सांगतो की हो, साचाच आहे, माझ्याच अंगाचा आहे, आता पुढे बोला. म्हणजे मॉडेलिंगची परीक्षा तो द्यायलाच बसलेला नाही. त्या विषयात त्याला नापास करून काय उपयोग?

मग त्याचा पेपर कुठला? त्याचा इंडियाशी, आणि थोडाफार आपल्या इगतपुरीशीही संबंध आहे, तो वर्गात कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. जन्म लंडनचा, १९५०. केंब्रिजला आर्किऑलॉजी, अँथ्रोपॉलॉजी आणि आर्ट हिस्ट्री शिकला, तोवर आर्ट स्कूल वगैरे काही नाही. १९७१ ते ७४ हा गडी भारतात नि श्रीलंकेत होता, बौद्ध ध्यान शिकत. गोएंका गुरुजींकडे विपश्यना केली त्याने. इगतपुरीचं धम्मगिरी हे त्यांचं विपश्यना केंद्र १९७६ चं, म्हणजे हा त्याच्याही आधीचा, पण पद्धत तीच. तुझ्या घरातलं कोणी दहा दिवसांचं शिबिर करून आलं असेल तर विचार त्यांना काय करायला लावतात. डोळे मिटून बसायचं आणि टाळूपासून पायाच्या बोटापर्यंत लक्ष फिरवायचं, कुठे खाज, कुठे जडपणा, कुठे काहीच नाही, नुसतं बघत राहायचं. दोन-तीन दिवसांनी माणसाला आरशातला आपण आठवत नाही म्हणतात, आतली अंधारी जागा तेवढी राहते. ही आतली जागा गॉर्म्लीने धरली आणि आजपर्यंत सोडली नाही. भिक्षू व्हायचं त्याच्या डोक्यात होतं, पण परत गेला आणि आर्ट स्कूलला घुसला, सेंट्रल स्कूल, गोल्डस्मिथ्स, मग स्लेड.

दुसरी गोष्ट त्याने इथे पाहिली ती आपण रोज बघतो आणि बघत नाही. स्टेशनवर, फुटपाथवर डोक्यावरून चादर ओढून झोपलेली माणसं. चेहरा नाही, बाई की बाप्या कळत नाही, वय कळत नाही, पण चादरीच्या खाली कोणीतरी आहे हे शंभर टक्के कळतं. परत गेल्यावर त्याने मित्राला जमिनीवर झोपवलं, प्लास्टरमध्ये भिजवलेली चादर त्याच्यावर घातली, सुकू दिली आणि मित्राला खालनं काढून घेतलं. राहिलं काय, तर आत माणूस नसलेलं माणसाच्या आकाराचं टरफल. नाव दिलं 'स्लीपिंग प्लेस'. झोपलेला माणूस असं नाव नाही दिलं, झोपायची जागा असं दिलं, हे नीट लक्षात घे. त्याचं सगळं करिअर ह्या एका नावात आहे असं माझं मत आहे. त्याच्या लेखी शरीर म्हणजे आपण जिथे राहतो ती जागा, आणि पुतळा करायचाच तर त्या जागेचा करायचा.

पुढचं 'बेड' बघ, १९८०-८१ चं, टेट गॅलरीत आहे. मदर्स प्राइड नावाचा तिकडचा साधा स्लाइस ब्रेड, त्याच्या थरांवर थर रचून डबल बेडएवढी गादी केली, आणि त्याच्यात दोन माणसांच्या आकाराच्या पोकळ्या. तेवढा ब्रेड ह्याने स्वतः खाल्लाय. उरलेला मेणात बुडवून टिकवलाय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, पण साचेकामवाल्याच्या नजरेने बघितलं तर हे प्रकरण भारी आहे, कारण पोकळी म्हणजे निगेटिव्ह मोल्ड, आणि त्यातनं निघालेलं पॉझिटिव्ह चालतंबोलतं बाहेर फिरतंय!

त्यानंतर शिशाची माणसं सुरू झाली. पहिली तीन १९८१-८२ ची, प्रत्येकाला शरीराचं एकच नैसर्गिक भोक उघडं ठेवलेलं, एकाचं तोंड, बाकी दोघांची खालची, बाकी सगळं झाळून बंद. आपल्याकडे देहाला नऊ दारांचं घर म्हणतातच, ह्याने एकेक दार उघडं ठेवून आत अंधार आहे हे दाखवलं. आता हे काम होतं कसं ते सांगतो कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. हा गडी अंगाला प्लास्टिकचं पातळ फिल्म गुंडाळून उभा राहायचा (किंवा पडायचा, उकिडवा बसायचा), आणि बायको, विकेन पार्सन्स, ती स्वतः पेंटर आहे, ती प्लास्टरमध्ये भिजवलेल्या जाळीदार कापडाच्या पट्ट्या अंगावर बसवत जायची, डोक्यावरनंसुद्धा, श्वासापुरती जागा ठेवून. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की गरम होतं, आवळतं, आणि मग हलायचं नाही. तास दीड तास. नंतर कापून बाहेर काढायचं, कवच परत जोडायचं, फायबरने मजबूत करायचं, आणि वरनं शिशाचा पत्रा, छपराला वापरतात तसला, ठोकून ठोकून बसवायचा आणि सांधे झाळायचे. ते सांधे जिथे आहेत तिथे डोकं बघ. आपण असतो तर सांधा लपवला असता, स्नायूच्या कडेने, कपड्याच्या चुणीत कुठेतरी. हा सांधे सरळ आडवे-उभे टाकतो, नकाशावरच्या अक्षांश-रेखांशासारखे, छातीवरनं, गुडघ्यावरनं, बेधडक. म्हणजे स्नायू बघू नका, ही पेटी आहे, आत हवा आहे.

मी एकदा हे करून घेतलंय स्वतःवर, शिकत असताना. फक्त छाती आणि खांदे. दोघा मित्रांनी काथ्या घालून जाड प्लास्टर थापलं, व्हॅसलीन लावायला विसरले पोटाला, आणि काढताना जे काही झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याआधीची पंधरा-वीस मिनिटं मला अजून आठवतात. सुरुवातीला थंडगार, मग कोमट, मग चांगलंच गरम, श्वास घेतला की आतून भिंतीला टेकतोय असं वाटायचं. मी कसा दिसतोय हा विचार डोक्यातनं पार गेला, फक्त मी इथे आहे एवढंच राहिलं. हा माणूस हे वर्षानुवर्षं, शेकडो वेळा करत आला. म्हणजे पोज नाही असं जे तू म्हणतोस तिथे चुकतोयस, पोज आहे, पण ती बाहेरच्या माणसाला दाखवायची नाहीये, आतल्याने सहन करायची आहे. शिबिरात बसल्यासारखी.

आता चेहरा नाही, हावभाव नाही ह्याच्याकडे येतो. हे मला पटायला धंद्यातला एक प्रसंग कारणीभूत झाला. एका तालुक्याच्या गावच्या पुतळ्याचं काम होतं, कोणाचा ते जाऊ दे. क्ले मॉडेल साइजला आलं, कला संचालनालयाची मान्यता घ्यायच्या आधी समिती बघायला आली, अकरा जण, दोन गाड्या. एक म्हणाला नाक जाड झालंय. दुसरा म्हणाला साहेब हसरे पाहिजेत. तिसरा म्हणाला हात आशीर्वादाचा पाहिजे, चौथा म्हणाला आशीर्वादाचा नको बोट पुढे पाहिजे, विकासाकडे. मी नाक तासलं, ओठाला मुरड दिली, हात दोनदा बदलला, आर्मेचर, म्हणजे आतला लोखंडी सांगाडा, कापून परत वेल्डिंग केलं. शेवटी सगळे म्हणाले साम्य आलं, चहा झाला, गेले. रात्री त्या ओल्या शाडूवर फडकी टाकायला गेलो आणि फडकी टाकल्यावर, खरं सांगतो, पुतळा पहिल्यांदा माणसासारखा दिसला. नाक, हात, हसू सगळं फडक्याखाली गेलं होतं आणि कोणीतरी नुसतं उभं होतं तिथे. मला लगेच ती चादर घेतलेली माणसं आठवली. ज्या ज्या गोष्टीचे मला पैसे मिळतात, म्हणजे साम्य, हात, रुबाब, चौथरा, त्या सगळ्या ह्याने एकेक करून काढून टाकल्यात, आणि तरी माणूस उरतो की नाही हे तो बघतोय.

चौथऱ्याचं तर बघच. क्रॉस्बीचा बीच, लिव्हरपूलजवळ. 'अनदर प्लेस' त्याचं नाव, परत जागाच. १०० बिडाची माणसं, सगळी ह्याच्याच अंगाच्या १७ साच्यांमधनं ओतलेली, एकेकाचं वजन ६५० किलो, तीनेक किलोमीटर किनाऱ्यावर नि आत समुद्रात किलोमीटरभर पसरलेली, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. आधी १९९७ ला जर्मनीत कुक्सहाफनला होती, मग नॉर्वे, बेल्जियम करत २००५ ला इथे आली. मी काही वर्षांपूर्वी बहिणीकडे गेलेलो तेव्हा मुद्दाम बघून आलो, लिव्हरपूलहून लोकल पकडायची, वॉटरलू स्टेशनला उतरायचं आणि चालत सुटायचं. फोटोत ती माणसं रोमँटिक वगैरे दिसतात, प्रत्यक्षात पहिलं काय जाणवतं तर गंज. नुसता रंग नाही, खपल्या. कमरेपर्यंत शिंपले चिकटलेले, त्याच्यावर शेवाळ, आणि वर मान-खांद्याला नखाने उडेल असा पापुद्रा. ओतकामाच्या नळीच्या खुणा तशाच ठेवल्यात, घासल्या नाहीत, आमच्या ओताऱ्याने असं काम दिलं असतं तर मी परत पाठवलं असतं. एकाला कोणीतरी लोकरीची टोपी घातलेली होती. दोन पोरं एका पुतळ्याच्या पाठीला पाठ लावून उंची मोजत होती. आणि भरती यायला लागली तेव्हा मी बराच वेळ एकाच माणसाकडे बघत उभा राहिलो, पाणी गुडघ्याला, मांडीला, बेंबीला, छातीला, आणि मग फक्त डोकं. पोटात गोळा येतो रे. बीड आहे माहीत असतं, तरी पाय पुढे टाकावासा वाटतो. चौथरा असता तर असं झालंच नसतं, कारण चौथऱ्यावरच्याला आपण वाचवायला जात नाही, हार घालतो.

स्थानिक लोकांनी काय एकदम डोक्यावर नाही घेतलं हां. २००६ ला कौन्सिलने मुक्काम वाढवायला नकार दिला होता, कोणी भरतीत अडकेल ही भीती, मच्छीमारांच्या नि होडीवाल्यांच्या तक्रारी. मग काही पुतळे सरकवले आणि २००७ ला कायम ठेवायचं ठरलं. त्याच्या कामावर लोकांचा राग निघणं हे तर जुनंच. १९८७ ला उत्तर आयर्लंडमध्ये डेरीच्या तटबंदीवर त्याने पाठीला पाठ लावलेली, हात पसरलेली बिडाची जोडमाणसं उभी केली, दंगलीचे दिवस, लोक त्यांच्यावर थुंकले, टायर घालून पेटवलं. ह्याला ते वाईट नाही वाटलं, शहरातलं विष कुठेतरी बाहेर पडायला जागा मिळाली असाच त्याचा सूर होता. परत जागा.

एंजल ऑफ द नॉर्थबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. इंग्लंडात गेट्सहेडला पंख पसरून उभा असलेला माणूस, १९९८, २० मीटर उंच, पंख ५४ मीटर, २०० टन कॉर्टेन स्टील, म्हणजे गंजाचा थरच पुढचा गंज अडवतो ते. खाली जुनी कोळशाची खाण. आधी पेपरांनी भरपूर झोडलं, मग तीनच महिन्यांत फुटबॉलवाल्यांनी त्याला शिअरर ह्या त्यांच्या लाडक्या खेळाडूची ९ नंबरची प्रचंड जर्सी चढवली आणि तो त्यांचा झाला. इंजिनिअरिंग म्हणून मी सलाम करतो, जोराच्या वाऱ्यात तसले पंख उभे ठेवायचे म्हणजे खायचं काम नाही, फासळ्या बाहेरनं दिल्यात त्याही आवडतात. पण शिल्प म्हणून मला ते त्याच्या बाकीच्या कामापुढे सोपं वाटतं. पंख आले की अर्थ आला, आणि अर्थ आला की परत पुतळा झाला.

मला विचारशील तर त्याचं सगळ्यात मोठं काम 'फील्ड', आणि त्यात त्याचं अंग नाहीच. ह्याच्यावर तुझ्या सरांशी बोल. हाताच्या मुठीत मावेल एवढी माती घ्यायची, उभी राहील असं बाहुलं करायचं, आणि दोन डोळे टोचायचे. बस, एवढीच सूचना. मेक्सिकोत वीट भाजणाऱ्या कुटुंबाबरोबर केलं, पुढे इंग्लंडात सेंट हेलेन्सच्या शंभरेक लोकांनी, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, ४०,००० च्या आसपास केली, १९९३ ला, आणि त्याच्यावर ह्याला १९९४ चं टर्नर प्राइज, ब्रिटनमधलं कलेचं मोठं बक्षीस, मिळालं. चीनमध्ये २००३ ला ग्वांगझूजवळच्या एका गावात तर दोन लाखांच्या घरात गेली. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो ना, एकाचं शिंग वाकडं, एकाचं वशिंड मोठं, पण डोळे टोचले की बैल बघायला लागतो, तसं. ही सगळी खोलीभर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, जमीन दिसणार नाही अशी दाटीने ठेवतात आणि तुला दारातच थांबवतात. आत जायला जागाच नाही. चाळीस हजार जोडी डोळे तुझ्याकडे बघतायत. आता शिल्प कोण, ती की तू? उलटा साचा म्हणतात तो हा.

'वन अँड अदर' पण ह्याच घरातलं, २००९ ला लंडनच्या ट्रफाल्गर स्क्वेअरमधल्या रिकाम्या चौथऱ्यावर १०० दिवस, चोवीस तास, दर तासाला एक साधा माणूस, एकूण २,४००. कोणी भाषण केलं, कोणी नाचलं, कोणी नुसतंच बसलं. खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं कंटाळवाणं होतं. पण आयडिया चोख.

पुढे पुढे साचे कमी झाले, स्कॅनिंग आलं, अंगाचे चौकोनी ठोकळे झाले, सळ्यांची जाळी झाली. नेदरलँड्सला लेलीस्टाडला 'एक्सपोजर' नावाचा २६ मीटरचा उकिडवा बसलेला माणूस आहे, विजेच्या टॉवरसारख्या पट्ट्यांचा, २०१० चा. लांबून स्पष्ट माणूस, जवळ जावं तसतसा माणूस विरत जातो आणि पायाशी गेलास की नुसता लोखंडाचा पसारा. आपण नेहमी जवळ जाऊन बारकाई बघतो, इथे उलटं केलंय. हे मला फार आवडतं. पण ठोकळ्यांची कामं गेल्या काही वर्षांत इतकी झाली की आता ब्रँड झालाय असं वाटतं, मोठ्या गॅलऱ्या, मोठी किंमत, नवीन प्रश्न कमी. आणि एक आक्षेप मला खरा वाटतो: सहा फूट चार इंचांचा गोरा पुरुष, शिकलेला, सुखवस्तू, तो म्हणतो माझं अंग म्हणजे कोणाचंही अंग. असं कसं? त्याचं म्हणणं असं की मी आतनं फक्त एकच शरीर ओळखतो, ते माझं. उत्तर प्रामाणिक आहे, पण पुरेसं नाही. २००३ ला गेट्सहेडच्या बाल्टिक नावाच्या आर्ट गॅलरीत त्याने गावातल्याच अडीचशेहून जास्त लोकांचे साचे घेऊन स्टीलच्या काड्यांची माणसं केली, त्यात बायका, पोरं, म्हातारे सगळे होते, ते बघितल्यावर वाटतं हे आधी करायला हवं होतं.

तर तुझ्या सरांचं चुकलं का? नाही. पहिल्या वर्षाला लाइफ कास्ट आणलास तर चोरीच, कारण तुला तिथे बघायला शिकवतायत, आणि साचा बघण्याचं काम तुझ्याऐवजी करून टाकतो. माती मळ, डोकं कर, कानाची पाळी कर, कान लई छळतो, छळू दे. गॉर्म्लीने साचा वापरला तो सोपं म्हणून नाही, त्याला 'कसा दिसतो' ह्या प्रश्नातच रस नव्हता म्हणून. तुला आहे की नाही हे अजून तुलाच माहीत नाही.

आणि तरी घरी करून बघणार असशील, बघशीलच, तर ऐक. हात किंवा पाय प्लास्टरच्या बादलीत कधीही बुडवायचा नाही, जाड थर असला की एवढं तापतं की कायमची इजा होते, बोटं गेलेली आहेत लोकांची. प्लास्टर बँडेज आण, मेडिकलमध्ये मिळतं, पातळ थर दे, दोन भागात कर म्हणजे निघेल. चेहऱ्यावर एकट्याने अजिबात नाही, नाकाला काहीही लावायचं नाही, शेजारी कोणीतरी पाहिजे आणि खूण ठरवून ठेव, दोन बोटं वर म्हणजे लगेच काढ. व्हॅसलीन भुवयांना भरपूर. छातीवर केस असतील तर त्यालाही, माझ्यासारखं करू नको. आणि मिशी ठेवली असशील तर आधी काढून टाक, नंतर तशीही निघतेच.